डाव्या अर्ध्याचं वय

घराला दोन वयं आहेत, डावं अर्धं जुनं आणि उजवं नवं, याबद्दल घरात कुणाचंच दुमत नव्हतं. दोघा भावांचं आयुष्यात ज्या एकाच गोष्टीवर एकमत झालं ती ही, आणि नेमकी तीच चुकीची होती.

रस्त्यापलीकडून पाहिलं की डावीकडे कमानी, खांबांवर द्राक्षांचे घोस, खिडक्यांच्या कपाळावर पानांच्या वेली. उजवीकडे निळी काच आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, मोबाइलच्या दुकानाला असतात तसे. मधोमध पावसाच्या पाण्याचा पाइप. वाटणीत तो कुणाच्याच नावावर लागला नाही, म्हणून एकोणतीस वर्षं तो निःपक्षपातीपणे दोन्हीकडे गळत होता. घराच्या एका अंगाला वीस मजली काचेची इमारत उभी होती. दुसऱ्या अंगाला तिच्या जुळ्या बहिणीसाठी खणलेला खड्डा होता. या दोघींच्या मध्ये घर असं बसलं होतं, की जणू लग्नाच्या फोटोत चुकून शिरलेला माणूस.

डावं, जुनं अर्धं दादाचं. उजवं, नवं अर्धं धाकट्याचं. आणि डाव्या अर्ध्यातली तळमजल्यावरची मागची खोली त्यांच्या मधल्या बहिणीची, आत्याची. लग्नानंतर तीन वर्षांनी ती एक ट्रंक घेऊन परत आली, तेव्हा तिला ‘का’ म्हणून कुणी विचारलं नव्हतं. या घरात विचारायची पद्धतच नव्हती. पद्धत असती, तर आजचा शनिवार उगवलाच नसता.

आज चार वाजता वारसा कार्यालयाचे तपासनीस येणार होते. रस्ता रुंद होणार होता. शंभर वर्षांपेक्षा जुनं जे काही असेल ते वारसा यादीत जाणार आणि वाचणार. बाकीचं पडणार, आणि पडलेल्यांना खड्ड्यातून उगवणाऱ्या इमारतीत फ्लॅट मिळणार. त्यामुळे सगळं कधी नव्हे ते सरळ होतं. दादाला यादी हवी होती, धाकट्याला फ्लॅट हवा होता. डावं जुनं, उजवं नवं. दोघांच्याही मनासारखं होणार होतं, आणि असं या घरात आधी कधी झालेलं नसल्यामुळे दोघंही सकाळपासून चिडलेले होते.

“चहा तपासनीसांसमोर आणायचा नाही,” दादा म्हणाला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्याच्यातला मुख्याध्यापक निवृत्त झाला नव्हता. “वाफ भिंतीला लागते.”

“भिंतीला लागते, माणसाला लागत नाही,” वहिनी म्हणाल्या. “वन्सं, तुम्हीच सांगा. एकोणतीस वर्षं या घरात मी एक खिळा मारलेला नाही. आमचं कॅलेंडर खुर्चीवर बसतं. पाहुणे आले की आधी कॅलेंडरला उठवायचं.”

“खिळा मारायला हे काय धाकट्याचं घर आहे?”

“माझ्या घरावर कशाला घसरतोस, दादा?” धाकटा खिडकीत उभा होता. शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. “आज सुटतोयस ना माझ्यापासून? निम्म्या शहराच्या म्हाताऱ्यांना मी वर चढवलं. आणि माझी बायको स्वतःच्या जिन्यात तीन ठिकाणी बसते. तिसऱ्या पायरीवर, नवव्या पायरीवर आणि शेजारीण भेटली तर कुठेही.”

“पूर्वजांची वास्तू पाडून तू लिफ्टमध्ये बसणार.”

“पूर्वजांची तुझी. माझी नुसती भिंत. ओल आलेली. मी तिच्यावर पत्रे मारले म्हणून ती उभी आहे. वय झालं की पाडायचं, दादा. लिफ्टचं तेच, घराचं तेच.”

“माणसाचंही का?”

“माणसाला फ्लॅट देतायत.”

आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. हात रिकामे राहिले की तिला बोलावंसं वाटे. आज तिला हात रिकामे ठेवायचे नव्हते.

खरी गोष्ट तिला माहीत होती. आता एकटीलाच माहीत होती.

छप्पन्न वर्षांपूर्वी रस्त्याकडेने गटारासाठी चर खणला, आणि एका दुपारी घराचं डावं अर्धं दमलेल्या माणसासारखं मटकन खाली बसलं. दादा तेव्हा दूरच्या शाळेत वसतिगृहावर होता. धाकटा आईच्या पोटात होता. बाबा साचेकार, सिनेमागृहांना, बँकांना, हौशी लोकांच्या दिवाणखान्यांना फुलं-पानं-कमानी ओतून द्यायचा त्यांचा धंदा. पण त्या वर्षी साऱ्या शहराला सपाट भिंतींचं वेड लागलं होतं आणि एका सिनेमागृहाने अख्खी ऑर्डर रद्द केली होती. साचे पडून होते. बाबांनी गवंडी लावून विटांची नवी भिंत उभी केली आणि तिच्यावर सिनेमागृहाची फुलं लावली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला नमुने दिसतील. घर म्हणजे जाहिरात होती. एकही गिऱ्हाईक आलं नाही.

आणि ती फुलं बाबांनी केली नव्हती. भिंत पडली तेव्हा बाबांचा उजवा हात तिच्याखाली सापडला होता. चार महिने तो गळ्यात बांधलेला होता. सिमेंट, बारीक वाळू आणि संगमरवराची भुकटी कालवून साच्यात ओतली ती बारा वर्षांच्या आत्याने. माल घट्ट झाला का, ते ती चिमटीत धरून सांगायची. बाबा तिला चिमटी म्हणायला लागले ते तेव्हापासून. साच्यातून काढलेलं पान कच्चं असताना त्याच्या शिरा कोरायच्या, कडा मुडपायच्या, हे सगळं तिचं. शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. मग लग्न, मग ट्रंक, मग बाकीचं. आयुष्यात तिने केलेली गोष्ट म्हणावी अशी ती एवढीच.

वाटणीच्या दिवशी थोरल्याने आधी निवडावं असं ठरलं. दादा छाती भरून म्हणाला, “पूर्वजांचं जुनं मी सांभाळतो.” बाबांनी तोंड उघडलं. आईने टेबलाखाली त्यांच्या पावलावर पाऊल ठेवलं. बाबांनी तोंड मिटलं. चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आत्याला ते पाऊल दिसलं. रात्री आई एवढंच म्हणाली, “दोघंही खूश आहेत. उगाच खरं सांगून कशाला नासवा?”

त्यानंतर दादाने चाळीस पानांची पुस्तिका लिहिली: ‘आमचे घर – एक स्थापत्यचिंतन’. तिच्यात ‘दीडशे वर्षांपूर्वीचे अनाम कारागीर’ हे शब्द अकरा वेळा होते. दरवेळी ते वाचताना आत्याला कुणीतरी आपली पाठ थोपटतंय आणि त्याच हाताने आपल्याला खोलीबाहेर ढकलतंय असं वाटे.

आज दोन्ही गोष्टी शासकीय शिक्क्यानिशी होणार होत्या. ती गप्प राहिली तर तिची पानं कायमची वाचत होती, दुसऱ्याची म्हणून. बोलली तर ती तिची होत होती, आणि पडत होती.

तिने शेंग सोलली. आत दाणा नव्हता. तरी ती ताटलीत टाकली.

“आत्या, तुझं काय मत?” भाचीने विचारलं. दादाची मुलगी, वास्तुरचनाकार. केसांचा अंबाडा कायम पेन्सिलीने बांधलेला, म्हणून घरात तिचं नाव पेन्सिल. शेजारच्या काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं, आणि खड्ड्यातल्या इमारतीचा प्रवेशकक्ष तीच आखत होती. बापाचं घर वाचवायला अर्ज तिने भरला होता, काकाचं पाडायच्या नकाशावर सहीही तिचीच होती. दोन्ही कामं तिने एकाच दुपारी केली होती.

“मला काय मत असणार?” आत्या म्हणाली. “मी मागच्या खोलीतली.”

“यादीत गेलो की तुझी मागची खोली कायमची,” दादा म्हणाला. “कोणी हात लावू शकणार नाही. हे लक्षात ठेव, चिमटे.”

हे तो प्रेमाने म्हणाला. दादाचं प्रेम असंच असे. ते कळेपर्यंत त्याची नोटीस होऊन जाई.

तपासनीस चार वाजून पाच मिनिटांनी आले. पन्नाशीचे, सडपातळ, आणि त्यांना भयंकर सर्दी झाली होती. त्यांनी फुटपाथवर उभं राहून घराकडे पाहिलं, नाक पुसलं, पुन्हा पाहिलं. सगळं घर त्यांच्यामागे ओळीने उभं राहिलं. रस्त्यावरून जाणारे लोक काय पडलंय ते बघायला थांबू लागले.

“वा,” ते म्हणाले.

दादाने डोळे मिटले. त्या ‘वा’साठी तो एकोणतीस वर्षं थांबला होता.

धाकट्याने आपली लिफ्टच्या कामाची शिडी आणून दिली. तपासनीस वर चढले आणि खिडकीवरच्या वेलीला भिंग लावलं. “काय हात आहे! या शिरा पाहा. साच्यातून काढून सोडून दिलेलं काम नाही हे. प्रत्येक पानाची कड वेगळी वळवलीय. हल्ली असं कोण करतं?”

“अनाम कारागीर,” दादा खालून म्हणाला.

“पोटासाठी करणाऱ्याचा हात नाही हा. कुणीतरी खेळ खेळावा तसं केलंय.”

आत्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या कानाच्या पाळ्या तापतात हे तिला माहीत नव्हतं. खेळच होता तो. बाबा म्हणायचे, सगळी पानं सारखी करू नकोस, झाड कंटाळेल. वर चढलेला हा अनोळखी माणूस ते वाचत होता, आणि तिला अचानक त्याला खाली उतरवून खुर्चीवर बसवून सगळं सांगावंसं वाटलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“आणि हा रंग,” तपासनीस म्हणाले. “असा रंग काळच देतो.”

‘तीन बादल्या चहा,’ आत्या मनात म्हणाली. ‘साखर न घातलेला.’

“लिहून घ्यायचं ना मग?” दादाने विचारलं. त्याचा आवाज चिरकला.

“घेतो, घेतो.” तपासनीस शिडीच्या वरच्या पायरीवर सरकले. “फक्त एक दोष आहे. हे दारावरचं मोठं फूल. अरेरे. हे नंतर कुणीतरी अडाण्याने बसवलेलं दिसतंय. पाकळ्या बघा, एकही धड नाही. दारुड्या गवंड्याचं काम. मी शिफारस करतो की हे काढून टाकावं. बाकीच्या कामाला बट्टा लावतंय.”

“काढून टाकू,” दादा तत्परतेने म्हणाला. “मलाही ते नेहमी खटकायचं.”

“दारुड्या?” आत्या म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आवाज तिचा होता, पण तो एवढा मोठा असू शकतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं.

“बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. उजवा हात मोडलेला होता त्यांचा. ते फूल त्यांनी डाव्या हाताने केलं. मी म्हणत होते, बाबा, मी करते. तर म्हणाले, सगळं घर तूच केलंस, दारावर एक तरी माझं असू दे. सात दिवस लागले त्यांना. आणि तुम्ही शिडीवर चढून…” तिचा श्वास संपला.

रस्त्यावरचा एक माणूस, ज्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, हळहळला.

“सगळं घर तू केलंस म्हणजे?” पेन्सिल म्हणाली.

“ती गोंधळलीय,” दादा म्हणाला. “ऊन लागलं असेल. चिमटे, आत जा. पाणी पी.”

आत जायला हवं होतं. पाणी प्यायलं असतं, ऊन लागलं असं म्हणून टाकलं असतं, तर अजूनही सगळं जागेवर बसलं असतं. दादा तिच्याकडे बघत होता. मुख्याध्यापकाची नजर नव्हती ती; वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलाची होती, ज्याला घर ओळखू येत नसतं आणि ते कबूल करायची लाज वाटत असते. त्या सुट्टीत तो फाटकापाशी असाच उभा राहिला होता. आईने त्याला सांगितलं होतं, “धुतलंय रे घर. स्वच्छ केलंय.” आणि त्याने ते मानलं होतं.

“ऊन नाही लागलं,” आत्या म्हणाली. “डावं अर्धं पडलं होतं. आपण ते नव्याने बांधलं. छप्पन्न वर्षं झाली. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, साहेब, तुमच्या हाताशी पान आहे त्याची मागची कड खरवडा. आत बळकटीसाठी साखरेच्या पोत्याचं गोणपाट घातलंय. अक्षरंही असतील.”

तपासनिसांनी खिशातून छोटी पट्टी काढली. खरवडलं. फुंकर मारली, शिंकले, पुन्हा फुंकर मारली. मग हळूच वाचलं, “‘निव्वळ वजन’…”

 शेजारच्या खड्ड्यात यंत्र धडधडत होतं.

“मग जुनं काय आहे?” तपासनिसांनी विचारलं. अशा माणसांचा एक दोष असतो, ती कामाचाच प्रश्न विचारतात.

आत्याने उत्तर द्यायच्या आतच तिची नजर उजवीकडे गेली होती. तेवढं पुरलं.

“ताई!” धाकटा म्हणाला. “ताई, नाही हं. ताई, तुला माझ्या बायकोच्या गुडघ्यांची शपथ.”

पण तपासनिसांनी शिडी उचलून उजवीकडे लावलीसुद्धा होती. अ‍ॅल्युमिनियमचा एक पत्रा सैल होता. धाकट्याने तो तीन वर्षांपूर्वी घाईत ठोकला होता, आणि घाईची कामं अशीच वेळेवर उघडी पडतात. पत्र्यामागचा गिलावा ओलीने गळून पडला होता आणि आत ओबडधोबड दगड होता. दगडांमधला चुना इतका कठीण, की पट्टी वाकली. एकही फूल नव्हतं. हे घर बांधणाऱ्या पणजोबांकडे फुलांना पैसे नव्हते.

“शंभराच्या बऱ्याच पुढचं,” तपासनीस भारावून म्हणाले. “मला हे लिहावंच लागेल. डोळ्यांनी पाहिलेलं न लिहिणं हा गुन्हा आहे.”

“पण ते कुरूप आहे!” दादा ओरडला.

“आम्ही वय बघतो. रूप बघत नाही.”

“म्हणजे हे पडणार आणि ते राहणार? वयाचं काय घेऊन बसलात? वय कशालाही होतं! दगडालाही होतं! सौंदर्याला काही किंमत आहे की नाही?”

“जरा हळू, दादा,” धाकटा म्हणाला. तो दगडाला हात लावून उभा होता. हात काढायला विसरला होता. “पूर्वजांची वास्तू आहे ही.”

“आता झाली का पूर्वजांची? मघाशी ओल आलेली भिंत होती!”

“मघाशी मला माहीत नव्हतं ना. पणजोबांच्या भिंतीला मी ड्रिल मारलंय, दादा. एकशे चाळीस भोकं पाडलीत. ते जाऊ दे. मी राहणार कसा इथे? जिना! बायकोला काय सांगू, तू वारसा आहेस, नवव्या पायरीवर बस?” आणि लगेच, त्याच श्वासात, तपासनिसांना, “ही भोकं बुजवता येतात का हो? चुन्यातच बुजवायची ना?”

वहिनी हे सगळं शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी पेन्सिलीला बाजूला घेतलं. फुटपाथवर ‘बाजूला’ अशी जागा नसल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

“फ्लॅट आम्हाला मिळणार ना मग? कितव्या मजल्यावर?”

“चौदाव्या. पण आई, बाबांना…”

“चौदाव्यावर डास नसतात. आणि भिंती कशाच्या? खिळा बसतो?”

“कुठेही बसतो.”

 वहिनींच्या चेहऱ्यावर कॅलेंडर टांगलेलं दिसलं. सकाळपर्यंत या घरात दादा-वहिनी एका बाजूला आणि धाकटा दुसऱ्या, अशी मांडणी होती. आता वहिनी फ्लॅटच्या बाजूला, म्हणजे धाकट्याच्या जुन्या बाजूला गेल्या होत्या. धाकटा दगडाच्या, म्हणजे दादाच्या जुन्या बाजूला आला होता. आणि दादाजवळ एवढ्या सगळ्या बाजू असूनही उभं राहायला कुणी नव्हतं.

पेन्सिल आत्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली.

“आत्या, त्या इमारतीच्या प्रवेशकक्षात मी ही पानं घेतलीयत. फायबरमध्ये. ‘शहराच्या प्राचीन वारशाला मानवंदना’ असं बोर्डावर लिहिलंय. चारशे नग ओतून झालेत.”

“सगळी एकाच साच्यातली?”

“हो.”

“मग ती पानं नव्हेत, फरशा आहेत,” आत्या म्हणाली, आणि आपण हे रागाने म्हणालो की अभिमानाने, ते तिचं तिलाच कळलं नाही. आपल्या बारा वर्षांच्या बोटांची चारशे मुलं त्या खड्ड्यातून वर येणार होती, आणि खरी समोर पडणार होती. यावर रडायचं असतं की हसायचं, ते सांगणारं कुणी वडीलधारं उरलं नव्हतं. वडीलधाऱ्यांत आता तीही मोडत होती.

तपासनीस जाताना दोन कागद ठेवून गेले. उजव्या अर्ध्याचा त्यांनी स्वतः भरला. ‘कारागीर’ या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलं. डाव्या अर्ध्याचा कोरा ठेवला. पाडण्यापूर्वीची नोंद, ती घरच्यांनी भरून सोमवारी द्यायची. दारात ते आत्यापाशी थांबले, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, “बाई, दारुड्या म्हणालो त्याबद्दल माफ करा. डाव्या हाताने केलंय हे कळल्यावर…” पुढचं शिंकेत गेलं. ती शिंक आत्याला फार सभ्य वाटली.

संध्याकाळी धाकटा आपल्या घरात फोनवर बायकोची समजूत घालत होता. भिंतीतून ‘पणजोबा’ आणि ‘गुडघे’ हे दोन शब्द आळीपाळीने ऐकू येत होते. वहिनी स्वयंपाकघरात होत्या आणि गुणगुणत होत्या. एकोणतीस वर्षांत त्या गुणगुणल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दादा कोरा कागद घेऊन आत्याच्या खोलीत आला. त्या खोलीत तो फारसा येत नसे. खुर्ची एकच होती. ती त्याला देऊन आत्या पलंगावर बसली. तो भिंतीकडे बघत राहिला.

“आई पावलावर पाऊल ठेवायची बाबांच्या,” तो एकदम म्हणाला. “मी ते पाहिलं होतं वाटणीच्या दिवशी. मला वाटलं, डावं अर्धं चांगलं आहे, ते धाकट्याला मिळावं असं बाबांच्या मनात होतं, म्हणून आईने त्यांना अडवलं. एकोणतीस वर्षं मला वाटत होतं मी बाबांच्या मनाविरुद्ध हे घर घेतलं. म्हणून जपत होतो.”

आत्याला हे माहीत नव्हतं. आपल्यालाच तेवढं सगळं माहीत आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

“मला सांगायचं होतंस.”

“विचारायचं होतंस.”

“का सांगितलंस आज? गप्प बसली असतीस तर वाचलं असतं की गं. तुझंच होतं ना ते?”

“मला नाही माहीत, दादा. खरंच नाही माहीत. तुम्ही ते फूल काढून टाकू म्हणालात आणि तोंडातून गेलं. आता परत घ्यावंसं वाटतंय. थोड्या वेळाने पुन्हा सांगावंसं वाटेल.”

दादाने चष्मा पुसला. “पुस्तिकेत बारावं पान आहे. वेलीवर तेराच पानं का, यावर. तेरावं पान म्हणजे अपूर्णतेचा स्वीकार, असं लिहिलंय मी. दीड पान लिहिलंय. विद्यार्थी वही काढून उतरवून घ्यायचे.” तो थांबला. “तेरा का गं?”

“माल संपला.”

दादा हसला असं म्हणता येणार नाही. पण त्याच्या खांद्यातून काहीतरी निघून गेलं आणि तो खुर्चीत खाली, आहे तेवढाच होऊन बसला. मग त्याने कागद गुडघ्यावर घेतला, पेन काढलं, आणि वळणदार मास्तरी अक्षरात रकाने भरायला लागला. पत्ता. मजले. बांधकामाचं वर्ष, ते त्याने तिला विचारलं आणि लिहिताना त्याचा हात एकदाच थांबला.

“कारागीर,” त्याने वाचलं. “बाबांचं नाव लिहू ना? फूल त्यांचं आहे.”

“फूल त्यांचं लिही. बाकीचं माझं.”

“तुझं नाव… माहेरचं लावू की सासरचं?”

“नुसतं माझं लिही.”

त्याने लिहिलं. कागद लांब धरून पाहिला. ते नाव त्याने शेवटचं कधी लिहिलं होतं, ते त्याला आठवेना. घरात तर ते कुणी उच्चारतही नसे. आत्याने मान पुढे करून पाहिलं. रकाना मोठा होता, नाव लहान. पुढे बरीच जागा कोरी उरली होती. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल. पण फक्त शाई सुकत होती.

“शेवटचा रकाना,” दादा म्हणाला. “पाडण्याचं कारण. काय लिहू? रस्ता?”

“रस्ता तर त्यांना माहीतच आहे.”

“मग?”

बाहेर अजून उजेड होता. काचेच्या इमारतीवरून परतलेलं ऊन या वेळी रोज घराच्या दर्शनी भिंतीवर पडे, आणि पानांच्या शिरा उठून दिसत. तपासनीस या वेळेला यायला हवे होते, असं तिला वाटलं. मग वाटलं, बरं झालं नाही आले.

“लिही,” आत्या म्हणाली, “पुरेसं जुनं नाही.”

दादाने पेन टेकवलं. पहिलं अक्षर काढलं, आणि मान वर न करता, विद्यार्थ्याने शिक्षकाला विचारावं तसं विचारलं, “किती जुनं असतं तर पुरलं असतं गं?”

“चव्वेचाळीस वर्षं आणखी,” ती म्हणाली. “तोवर मी थांबले नसते.”

त्याने वाक्य पूर्ण केलं आणि खाली सहीसाठी कागद तिच्यापुढे धरला.